रात्रपाळीला एकटी सिस्टर: सर्पदंश किंवा फवारणीच्या विषाचा रुग्ण आला, तर पहिला अर्धा तास कसा लावायचा?

कापूसपट्टा (धागाकर्ती)

ग्रामीण रुग्णालय, ३० खाटा. रात्री कॅज्युअल्टीला एकच अधिपरिचारिका, वॉर्डही तिच्याकडेच. सोबत एक मामा (वॉर्डबॉय). मेडिकल ऑफिसर क्वार्टरला असतात, फोन केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत येतात. लेबर रूममध्ये अडकले असतील तर त्याहून उशीर. जुलै ते ऑक्टोबर दोनच गोष्टी सारख्या येतात: साप चावलेला आणि फवारणीचं औषध अंगावर किंवा पोटात गेलेला.

एबीसीडी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध) पाठ आहे, ते नको. मला हवंय ते असं: हात दोनच असताना आधी काय, नंतर काय? एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) आणि ॲट्रोपिन (फवारणीच्या विषावरचा उतारा) यांचा हिशोब रात्री तीन वाजता चुकणार नाही असा कसा मांडून ठेवायचा? हमखास चुका कुठे होतात? आणि दारात पंधरा माणसं उभी असतात, त्यांचं काय करायचं?

व्हेंटिलेटर नाही. अँब्यू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन (घशातला स्राव ओढणारं यंत्र), मॉनिटर एक, ऑक्सिजनचे बी टाइपचे सिलिंडर आहेत.

---

जुना_वॉर्ड

ताई, आधी सर्पदंशाचं लिहितो. विषबाधेचं कुणीतरी वेगळं लिहा, दोन्हीची घाई वेगवेगळ्या जागी असते.

रुग्ण दारातून आत येतानाच तीन गोष्टी बघून होतात: बोलतोय का, पापण्या उघड्या आहेत का, कुठून रक्त येतंय का. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. तपासून झाल्यावर करू म्हटलं की पाच मिनिटं गेलीच. फोनवर "सर, साप चावलाय" एवढंच सांगू नका. "साप चावून दीड तास, पापण्या पडल्यात, सॅच्युरेशन ९१, बीपी अमुक" असं सांगितलं की समोरचा माणूस चप्पल शोधत बसत नाही.

मग पडून राहायला लावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या-पैंजण काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. दुसऱ्या हाताला इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाईनची नळी), हिरवा म्हणजे जाड मिळाला तर उत्तम, नाहीतर गुलाबी. एकाच प्रयत्नात लागेल अशी शीर बघा, कारण घोणस किंवा फुरसं असेल तर प्रत्येक टोचलेली जागा वाहत राहते. याच कारणाने धनुर्वाताचं इंजेक्शन स्नायूत देण्याची घाई नको. रक्त गोठतंय हे कळल्यावर देता येतं.

इंट्राकॅथ लावतानाच २ मिली रक्त काढून काचेच्या नळीत. हीच ती वीस मिनिटांची गोठण चाचणी. अख्ख्या तालुक्यात लॅब बंद असली तरी ही चालते, आणि सगळ्यात जास्त चुकाही हिच्यातच होतात:

नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरूच होत नाही आणि निरोगी माणूसही विषबाधा झालेला ठरतो. नळी नवी, कोरडी हवी. साबणाच्या पाण्याने धुतलेली नळी वापरली तरी तेच होतं. रक्त घातल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही. गोठलं का म्हणून दर तीन मिनिटांनी हलवून बघणारे असतात, त्यांच्यापासून नळी लपवा. २० मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. नळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा, मोबाइलवर गजर लावा. शंका असेल तर त्याच खोक्यातल्या दुसऱ्या नळीत एखाद्या निरोगी नातेवाइकाचं रक्त घालून शेजारी ठेवा. तेही गोठलं नाही तर दोष नळीचा.

पहिली चाचणी बरोबर आली म्हणजे सुटलो असं नाही. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढे दर तासाला. दंश करून विष न सोडलेला साप असू शकतो, बिनविषारीही असू शकतो. पण २४ तास सोडायचं नाही.

आता मण्यार. हिच्याबद्दल स्वतंत्र लिहायलाच हवं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय, कधी उलटी. दंशाची खूण नाही, सूज नाही. त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं जातं आणि सकाळी पापण्या पडतात. पावसाळ्यात पहाटे अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी करायला सांगा: वर बघ, जीभ बाहेर काढ, एका श्वासात आकडे म्हण. आकडा लिहून ठेवा. एका श्वासात ३० म्हणणारा अर्ध्या तासाने १८ वर आला तर सॅच्युरेशन ९८ असलं तरी तो बुडतोय. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी पडतं. उशीवरून मान उचलता येते का तेही बघा.

आणि पापण्या पडलेला, हातपाय न हलवणारा मण्यारीचा रुग्ण बेशुद्ध धरू नका. बाहुल्या मोठ्या आणि स्थिर दिसल्या तरी तो आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो. अँब्यू दाबत असताना त्याच्याशी बोला. "हा काही वाचत नाही" असं त्याच्या उशाशी कुणी म्हणू नये.

---

जुना_वॉर्ड

एएसव्हीचा हिशोब राहिला.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालते. त्यामुळे साप कुठला हे ओळखत बसायची गरज नाही, आणि पिशवीतून साप आणला असेल तर मेलेल्याच्या तोंडाजवळही बोट न्यायचं नाही. लस लक्षणांवर द्यायची, चावला म्हणून नाही. लक्षणं म्हणजे रक्त न गोठणं, कुठूनही रक्तस्राव, पापण्या-श्वास, किंवा झपाट्याने सांधा ओलांडून चढणारी सूज. ठरवणार डॉक्टर. पण तयारी आपली.

सुरुवातीचा डोस सहसा १० व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी. हलवायची नाही, तळव्यात गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो, आणि फेस सिरिंजमध्ये ओढला की डोस कमी. एक व्हायल पूर्ण विरघळायला काही मिनिटं लागतात आणि एकटीने एकामागून एक दहा करायच्या म्हणजे बराच वेळ जातो. म्हणून सगळ्या दहांमध्ये आधी पाणी घालून ट्रेमध्ये आडव्या ठेवा, मग पहिलीपासून फिरवायला घ्या. मामांना एवढं दाखवून ठेवा: फिरवायची, आपटायची नाही.

१०० मिली एएसव्ही अधिक १०० मिली सलाईन, म्हणजे २०० मिली. मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर तासाभरात संपवायला मिनिटाला साधारण ६७ थेंब. पहिली दहा-पंधरा मिनिटं ४० थेंबांवर ठेवा, म्हणजे मिनिटाला २ मिली. त्या वेळात खाट सोडायची नाही.

लस लावण्याआधी ॲड्रेनॅलिन भरून, लेबल लावून ट्रेमध्ये. मोठ्यांना ०.५ मिली, १:१००० चं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अंगावर गांधी, खाज, आवाज बसणं, खोकला, उलटी, बीपी पडणं, यातलं काहीही दिसलं की लस बंद, ॲड्रेनॅलिन आत, मग फोन. क्रम हाच. हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनिरामाइन नंतर. पुष्कळ ठिकाणी तीच दोन आधी दिली जातात आणि ॲड्रेनॅलिनला सगळे घाबरतात. घाबरण्यासारखी चूक वेगळीच आहे: पूर्ण १ मिलीची अँप्यूल शिरेतून ढकलणं. जिवंत नाडी असलेल्या माणसाला ते कधीच नाही. म्हणून १ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.५ च भरून ठेवा, जास्तीचं हाताशीच नको.

रिॲक्शन शमली की लस पुन्हा सावकाश सुरू करायची असते. रिॲक्शन आली म्हणून उरलेली लस फेकणं म्हणजे विष तसंच ठेवणं.

नुसती हुडहुडी भरून ताप आला तर तो वेगळा प्रकार, त्याला पॅरासिटामॉल आणि पांघरूण. पण दोन्हींतला फरक ठरवायला बीपी आणि छाती बघावीच लागते.

---

ब्रदर_मराठवाडा

जुना_वॉर्ड, उत्तम लिहिलंत. एक विचारतो, लस देण्याआधी कातडीत टेस्ट डोस देतात त्याचं काय? आमच्याकडे अजूनही केस पेपरवर "टेस्ट डोस दिला" असं लिहायची पद्धत आहे.

---

जुना_वॉर्ड

बंद करा. टेस्ट डोसवरून पुढची रिॲक्शन कळत नाही. टेस्ट कोरी येऊन पूर्ण डोसला रिॲक्शन येते आणि उलटही होतं. शिवाय त्यात अर्धा तास जातो. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही टेस्ट डोस नको असंच आहे. त्या जागी केस पेपरवर "ॲड्रेनॅलिन भरून ठेवलं, वेळ अमुक" असं लिहा, ते जास्त कामाचं.

---

आयसीयू_सिस्टर_विदर्भ

विषबाधेचं मी घेते.

यवतमाळमध्ये २०१७ ला फवारणीमुळे जे मृत्यू झाले तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की विष म्हणजे प्यायलेलंच असं नाही. ते खरं आहे, पण कॅज्युअल्टीत पाळलं जात नाही. फवारणीवरून आलेल्या माणसाला तसाच भिजलेल्या शर्टात झोपवून ॲट्रोपिन चालू केलेलं दिसतं. तो शर्ट म्हणजे चालू असलेला डोस. कपडे कात्रीने कापून काढा, डोक्यावरून ओढू नका, तोंडाला लागतं. साबण-पाणी, मग पुन्हा साबण-पाणी. केस, कानामागे, काखा, नखं, बेंबी. पाठीवर पंपाची गळती असते, तिथे विशेष. हे मामांकडून करून घ्यायचं, पण मामांना ग्लोव्हज आणि ॲप्रन देऊन. नायट्राइलचे मिळाले तर ते, नाहीतर साधे दोन-दोन चढवून लवकर बदला. खिडकी उघडा. कपडे पिशवीत बांधून एमएलसीसाठी (पोलिसांत नोंद होणाऱ्या केससाठी) ठेवा, कचऱ्यात नाही.

पण धुणं दुसरं. पहिलं सक्शन आणि कूस. तोंडातून फेस, छातीत खरखर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घाम, नाडी मंद, कपड्यात लघवी-संडास. एवढं दिसलं की ऑर्गेनोफॉस्फरस (बऱ्याच कीटकनाशकांतलं विष) धरून चालायचं. डाव्या कुशीवर, सक्शन, ऑक्सिजन, इंट्राकॅथ. आणि डॉक्टरांना फोनवर एकच प्रश्न: "ॲट्रोपिन सुरू करू का, किती?"

आता हिशोब. आपल्याकडे १ मिली अँप्यूलमध्ये ०.६ मिग्रॅ असतं. मोठ्यांना सुरुवात साधारण १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल. दर पाच मिनिटांनी बघायचं, सुधारणा नसेल तर दुप्पट. तीनपासून धरलं तर ३, मग ६, मग १२. दहा मिनिटांत २१ अँप्यूल झाल्या, म्हणजे १२.६ मिग्रॅ. पुढचा डोस २४ अँप्यूलचा. आता आपल्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ॲट्रोपिन किती असतं ते आठवा. बहुतेक ठिकाणी दहा. हंगामात कॅज्युअल्टीतच शंभर ठेवा, आणि स्टोअरची किल्ली रात्री कुणाकडे असते तो नंबर कपाटावर चिकटवा. अँप्यूल फोडायला वेळ जातो, म्हणून एक माणूस फक्त फोडायला आणि १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरायला.

थांबायचं कधी? चार गोष्टी बघायच्या: छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या. बाहुल्या फक्त टोकदार राहू नयेत एवढंच. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत देत राहणं ही जुनी सवय, आणि डोळ्यात औषध उडालं असेल तर त्या डोळ्याची बाहुली तशीही फसवते. नाडी १२० आहे म्हणून ॲट्रोपिन नाकारणं ही उलटी चूक. छातीत खरखर आणि ऑक्सिजन कमी असल्यानेच नाडी पळत असते. छाती ऐका. काखेत हात घाला. बाकी सगळं नंतर.

"ऑक्सिजन लागल्याशिवाय ॲट्रोपिन देऊ नये" हेही अजून ऐकू येतं. ऑक्सिजन द्यायचाच, पण सिलिंडर बदलेपर्यंत ॲट्रोपिन अडवायचं नाही. छातीतलं पाणी सुकल्याशिवाय तो ऑक्सिजन रक्तात जाणार कसा?

एकदा कोरडा झाला की ड्रिप. आतापर्यंत जेवढं लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला. १२.६ मिग्रॅचे २० टक्के म्हणजे तासाला साधारण २.५ मिग्रॅ. सोपं मिश्रण: १५ अँप्यूल, म्हणजे ९ मिग्रॅ आणि १५ मिली, त्यात ७५ मिली सलाईन. ९० मिली झालं, प्रत्येक मिलीत ०.१ मिग्रॅ. २.५ मिग्रॅ म्हणजे तासाला २५ मिली. मिलीला ६० थेंबांच्या मायक्रोड्रिपवर तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, म्हणजे २५ थेंब. हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. रात्री तीनला गुणाकार करायचा नसतो.

जास्त झालं तर? बडबड, हवेतलं काहीतरी पकडणं, अंग तापणं, पोट गप्प, लघवी अडणं. ड्रिप बंद करून डॉक्टरांना कळवा. शांत झाल्यावर आधीच्यापेक्षा कमी वेगाने पुन्हा. बडबडणाऱ्याला नुसतं बांधून ठेवून ड्रिप तशीच चालू ठेवलेली असते, त्यात ताप १०४ वर जातो. लघवीची नळी आधीच घाला, भरलेल्या मूत्राशयाने माणूस खाटेवरून उतरायला बघतो आणि आपण त्याला वेड लागलं म्हणतो.

प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे पॅम, हा ऑर्गेनोफॉस्फरसवरचा दुसरा उतारा, डॉक्टरांनी सांगितलं तर. ॲट्रोपिनच्या आधी नाही. ३० मिग्रॅ किलोला, ५० किलोच्या माणसाला १.५ ग्रॅम. २० मिलीत ५०० मिग्रॅची अँप्यूल असेल तर तीन. सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात. सिरिंजने भस्सकन ढकललं तर उलटी, बीपी वर, आणि हृदय थांबूही शकतं.

पोट धुण्याबद्दल. नातेवाइकांना नळी घातलेली दिसली नाही तर "काहीच केलं नाही" असं वाटतं. पण उशिरा आलेल्या, फेस आलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या पोटात नळी घालून पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. तासाभरात आलेला, शुद्धीवर असलेला, किंवा श्वासनलिकेत ट्यूब घातलेला असेल तरच विचार. रॉकेल, ॲसिड, फिनेल यांना नाहीच. आणि घरून मिठाचं पाणी पाजून आणलंय का ते विचारा. ग्लासभर दाट मिठाच्या पाण्याने सोडियम चढून झटके येतात, मग सगळे विषालाच दोष देत बसतात.

बाटली! कुणालातरी मोटारसायकलवर पाठवून बाटली किंवा निदान लेबलचा फोटो मागवा. कारण तणनाशक पॅराक्वाट निघालं तर नियमच बदलतो: सॅच्युरेशन खरंच खाली गेल्याशिवाय ऑक्सिजन द्यायचा नाही, त्याने फुप्फुसं जास्त जळतात.

शेवटी दुसरा-तिसरा दिवस. ॲट्रोपिनने कोरडा झालेला, गप्पा मारणारा रुग्ण २४ ते ९६ तासांत श्वास घेणं सोडू लागतो. पहिली खूण तीच, उशीवरून मान उचलता येत नाही. वॉर्डात दर चार तासांच्या चार्टवर "मान" असा रकाना हातानं आखून घ्या.

---

कापूसपट्टा

सगळं लिहून घेतलं. दोन शंका. लहान मुलाला एएसव्ही वजनावर का? आणि फोनवरची ऑर्डर लिहायची कशी, नंतर "मी असं म्हणालोच नाही" असं होऊ नये म्हणून?

---

जुना_वॉर्ड

एएसव्ही वजनावर नाही. सापाने मूल बघून कमी विष सोडलेलं नसतं. व्हायल तेवढ्याच, फक्त सलाईन कमी: एकूण पाणी किलोला ५ ते १० मिलीच्या आत. ॲड्रेनॅलिन मात्र वजनावर, किलोला ०.०१ मिली. १५ किलोच्या पोराला ०.१५ मिली. गरोदर बाईलाही पूर्ण डोस.

---

परिसेविका_निवृत्त

फोनच्या ऑर्डरबद्दल. ऐकलं, लिहिलं, परत वाचून दाखवलं, मग दिलं. "ॲट्रोपिन तीन अँप्यूल, १.८ मिग्रॅ, शिरेतून, बरोबर ना सर?" अँप्यूल आणि मिग्रॅ दोन्ही म्हणा. फक्त "तीन द्या" मध्ये ३ अँप्यूल की ३ मिग्रॅ, हा गोंधळ नेहमीचा. केस पेपरवर वेळ, औषध, "दूरध्वनीवरून, परत वाचून खात्री केली", डॉक्टरांचं नाव, आपली सही. शेजारी स्पीकरवर ऐकणारं दुसरं कुणी असेल तर त्याचीही. डॉक्टर आले की आधी सही, मग चहा.

याहून चांगलं म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने लेखी स्टँडिंग ऑर्डर करून घ्या. ऑक्सिजन, इंट्राकॅथ, गोठण चाचणी, सक्शन, साखर तपासणं आणि रिॲक्शनला ॲड्रेनॅलिन हे सिस्टरने न विचारता करायचं, असं एका पानात. पान लॅमिनेट करून भिंतीवर. एकट्या सिस्टरला रात्री धीर देणारं दुसरं काही नाही.

तुमच्या बी टाइप सिलिंडरबद्दल. पूर्ण भरलेला १५० किलोचा दाब, सुमारे १५०० लिटर. घड्याळातल्या आकड्याला दहाने गुणा, तेवढे लिटर उरले. ६० वर काटा असेल तर ६०० लिटर, मिनिटाला १० लिटरने एक तास. रुग्ण १०८ मध्ये चढवताना हे गणित न केल्याने घाटात ऑक्सिजन संपतो. रात्रपाळी घेतानाच सिलिंडरचा काटा, लॅरिंगोस्कोपचा दिवा, सक्शनची ओढ आणि साखर मोजायच्या पट्ट्यांची तारीख बघा. सक्शन चालू आहे हे आवाजावरून ठरवू नका, नळीचं तोंड अंगठ्याने दाबा आणि काटा चढतो का बघा. बाटलीचं झाकण वाकडं बसलं की यंत्र गुरगुरतं आणि ओढत काहीच नाही.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर "सर्पदंश, पुढील उपचारासाठी" एवढंच नको. चावल्याची वेळ, आल्याची वेळ, किती व्हायल कधी सुरू, कधी संपल्या, प्रत्येक गोठण चाचणीची वेळ आणि निकाल, एका श्वासातले आकडे, लघवीचा रंग आणि किती, बांधलेली दोरी कधी सोडली. तिकडची सिस्टर यावरूनच पुढचे सहा तास आखते. एएसव्हीनंतर गोठण चाचणी सहा तासांनी करतात, कारण यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. आपण वेळ लिहिली नाही तर तिकडे तासाभरात चाचणी करून विनाकारण पुन्हा लस लागते. आणि पहिला डोस सुरू केल्याशिवाय रुग्ण हलवायचा नाही. फार झालं तर चालू ड्रिपवर हलवा.

---

महाड_खाडीकाठ

दोरीचा उल्लेख आला म्हणून. पायाला सुतळी, रुमाल, केबल टाय, काहीही बांधून येतात. आल्या आल्या कात्री लावू नका. इंट्राकॅथ, एएसव्ही आणि अँब्यू हाताशी ठेवून, डॉक्टर असताना, हळूहळू सैल करायचं. एकदम सोडलं की अडकलेलं विष एकदम वर येतं आणि मिनिटांत श्वास जातो. मात्र खालची नाडी लागत नसेल, बोटं काळीनिळी असतील तर वाटही बघायची नाही.

शिवाय कोकणात आणि बाकीच्यांकडेही विंचू. घाम, लाळ, थंडगार हातपाय, कधी मुलग्यांमध्ये लिंग ताठर. हे बघून ऑर्गेनोफॉस्फरस समजून ॲट्रोपिन दिलं तर नुकसान होतं. बाहुल्या बघा आणि हकिगत विचारा. याला प्राझोसिन (बीपी उतरवणारी गोळी) तोंडाने, किलोला ३० मायक्रोग्रॅम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेला उपचार, जगभर वापरतात. दोन सूचना: गोळी साधीच हवी, हळूहळू विरघळणारी नको. औषधाच्या दुकानात बहुतेकदा तीच हातात ठेवतात. आणि गोळीनंतर तीन तास मुलाला उठवायचं, कडेवर उभं धरायचं नाही, बीपी पडतं. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा.

---

ब्रदर_मराठवाडा

दारातल्या पंधरा माणसांचं मी सांगतो, कारण या धाग्यात तोच प्रश्न मागे राहिलाय.

माणसं भडकतात ती बहुधा उपचार चुकल्यामुळे नाही, कुणी काही सांगत नाही म्हणून. एक माणूस निवडा, शक्यतो ज्याने रुग्णाला उचलून आणलं तो. त्याला नाव विचारा आणि आत घ्या. बाकीच्यांना कामं द्या: एक बाटली आणायला, एक आधार कार्ड, एक १०८ येईल तिथे रस्त्यावर. दर दहा मिनिटांनी एक वाक्य. "रक्त गोठतंय का ते नळीत ठेवलंय, वीस मिनिटांनी कळेल." घड्याळ दाखवा. साप चावला तरी लस लगेच का देत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगा. अर्ध्या तासाने सांगितलं तर ते सबब वाटतं.

एएसव्ही लावताना "अंगावर गांधी येऊ शकतात, त्याचं इंजेक्शन हे बघा भरून ठेवलंय" हेही आधी सांगा. रिॲक्शन आल्यावर "सिस्टरने चुकीचं इंजेक्शन दिलं" हे वाक्य इथूनच जन्मतं.

आवाज चढला तर दाराकडे पाठ करून उभं राहू नका, आणि खाट दार आणि तुमच्यामध्ये येईल असंही नको. बाहेर पडायला वाट असावी. ११२ लावायला मामांना खूण ठरवून ठेवा. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा नर्सनाही लागू आहे. मारहाण आणि तोडफोड दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई. फिर्याद संस्थेने द्यायची, सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवायचं नाही. हा बोर्ड दाराजवळ वाचता येईल अशा उंचीवर लावा. बऱ्याच ठिकाणी तो पंख्याच्या वर असतो.

विष असेल तर एमएलसी आहेच. पोलिसांना पत्र रुग्ण आल्याची वेळ टाकून पाठवा, पोट धुतलं असेल तर पहिलं पाणी बाटलीत, सील करून, लेबल लावून. हे उपचार लागल्यावर करायचं. रजिस्टर भरण्यासाठी ॲट्रोपिन थांबलेलं नसावं.

---

कापूसपट्टा

आज इन्चार्ज सिस्टरशी बोलून तीन गोष्टी मागवते: काचेच्या नळ्यांचं नवं खोकं, ॲट्रोपिन १०० आणि स्टँडिंग ऑर्डरचं पान. नळ्या मागणीपत्रात कुठल्या नावाने येतात? गेल्या वेळी "टेस्ट ट्यूब" लिहिलं तर प्लॅस्टिकच्या आल्या.

---

परिसेविका_निवृत्त

"काचेची चाचणी नळी, साधी, कोरडी, आत कोणतंही रसायन नसलेली" असं पूर्ण लिहा. मापाचा आकडाही टाका, नाहीतर लाल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पाठवतील. त्यांच्या आत गोठवणारं औषध लावलेलं असतं, त्यात घोणशीचा रुग्णही ठणठणीत दिसू शकतो. आल्यावर खोकं उघडून स्वतः टिचकी मारून बघा.

आणि त्या नळ्या कॅज्युअल्टीच्या कपाटात, कुलपाबाहेर.

---

आयसीयू_सिस्टर_विदर्भ

ॲट्रोपिनच्या खोक्याशेजारी ॲड्रेनॅलिनचं खोकं ठेवू नका. दोन्ही १ मिली, काही कंपन्यांच्या अँप्यूल रात्रीच्या उजेडात सारख्याच दिसतात. वेगवेगळे खण, आणि फोडताना नाव मोठ्याने वाचायचं.